मैदान कोणाचं, किती वाजता?

आपल्या शाळेत मुलींनी फुटबॉल खेळू नये असा नियम कधीच नव्हता. मैदान तेवढं रिकामं नसायचं. आता येत्या वर्षी मुलींचा संघ काढायचं ठरलं आहे असं कळलं, म्हणून स्मरणिकेतली ही दोन पानं आठवणींऐवजी त्या संघासाठी वापरते. बाकीच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील.

मैदानापासूनच सुरुवात करते, कारण बायकांचा फुटबॉल थांबवला गेला तो मैदान काढून घेऊन. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, केर लेडीज’ या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्ष पुरं व्हायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ स्त्रियांसाठी योग्य नाही, तेव्हा सभासद क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. खेळणाऱ्या मुलींना थेट मनाई करण्याची गरजच पडली नाही. त्या बागांत आणि रग्बीच्या मैदानांवर खेळत राहिल्या, पण मोठी मैदानं गेली आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकही गेले. बंदी उठायला जवळजवळ ५० वर्षं लागली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ मध्ये मैदानांबरोबर पंचही नाकारले. १९७० मध्ये तिथली बंदी उठली, तीही अटी घालून: सामना ७० मिनिटांचा, चेंडू हलका, बुटांना स्टड, म्हणजे तळाचे पकड देणारे खुंट, नाहीत. ओल्या गवतावर स्टडशिवाय एकदा वळून बघावं, मग बायकांच्या तब्येतीची ही काळजी कितपत खरी होती ते कळतं. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकूमच होता. आणि १९९१ ला महिलांचा पहिला विश्वचषक झाला तो ८० मिनिटांच्या सामन्यांचा. पूर्ण ९० मिनिटं १९९५ ला मिळाली.

म्हणून पहिलं काम वेळापत्रकाचं. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, आणि ते लेखी, मुख्याध्यापकांच्या सहीने. ‘मुलांचं झालं की मुलींनी घ्यावं’ या पद्धतीत मुलांचं कधी होतच नाही. मुलांचा सामना आला म्हणून मुलींचा सराव रद्द झाला, तर त्याच आठवड्यात बदली दिवस द्यायचा, हेही त्याच कागदावर हवं. पूर्ण मैदान लागत नाही. अर्ध्या मैदानात सात-सातचा खेळ छान होतो, आणि नवशिक्या मुलीला अकराच्या खेळापेक्षा त्यात कितीतरी जास्त वेळा चेंडू मिळतो.

चेंडू दोघींत एक तरी हवा. सोळा मुलींना दोन चेंडू दिले की चौदा जणी रांगेत उभ्या राहतात, आणि रांगेत उभं राहून कोणी शिकत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलींना चार नंबरचा चेंडू, त्यावरच्यांना पाच नंबरचा: परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. बायकांच्या सामन्यांतही हाच पाच नंबर असतो. हवा नियमाप्रमाणे ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअरच्या दरम्यान. शाळांमध्ये चेंडू दगडासारखा टणक फुगवून ठेवायची खोड आहे. तो पायाला लागतो, अंगावर घ्यायची भीती बसते, आणि मग ‘मुली घाबरतात’ असं म्हटलं जातं. प्रेशर गेज घ्यावा आणि सरावाला हवा खालच्या मर्यादेजवळ ठेवावी. लहान वयात हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, शिकवूच नये.

गोलपोस्टचंही तसंच. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. बारा वर्षांची मुलगी त्याखाली उभी केली की वरून येणारा प्रत्येक चेंडू आत जाणार. मैत्रिणी तिलाच बोलणार, आणि पुढच्या वेळी गोलकीपर व्हायला कोणी तयार होणार नाही. सात-सातच्या खेळाला ३.६६ बाय १.८३ मीटरचा गोल पुरतो. हलवता येणारे पोस्ट मात्र जमिनीत खुंट्यांनी पक्के करावेत. लोंबकळणाऱ्या मुलाच्या अंगावर पोस्ट पडून जीव गेल्याच्या घटना झालेल्या आहेत.

बूट भावाचे चालतील का, हे पालक हमखास विचारतात. मुलींची टाच साधारणपणे अरुंद असते. मुलाच्या बुटात ती मागे सैल राहते, पाऊल आत सरकतं आणि फोड येतात. कडक मैदानावर लांब स्टडचे बूट तर घेऊच नयेत. स्टड रुततो, शरीर वळतं, आणि पीळ गुडघ्यात बसतो. आखूड, पुष्कळ स्टड असलेला टर्फ बूट बरा. नडग्यांवर शिनगार्ड, आणि ते मोज्यांच्या आत. स्पोर्ट्स ब्रा नीट बसणारी हवी. घालून धावून, उड्या मारून बघावी. मुलांच्या जुन्या जर्सी मुलींना देऊ नयेत, आणि शॉर्ट गडद रंगाची घ्यावी. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या शॉर्टची धास्ती असते, ती मोठ्या खेळाडूंनाही होती. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या संघाने पांढऱ्या सोडून निळ्या शॉर्ट घातल्या. मैदानाजवळचं स्वच्छतागृह सरावाच्या वेळी उघडं हवं आणि तिथे पॅड ठेवलेले हवेत. किल्ली शिपायाच्या खिशात असून भागत नाही.

शॉर्टखाली टाइट्स घालायला नियमांत मुभा आहे, फक्त रंग शॉर्टचाच हवा. डोकं झाकायची परवानगी २०१४ पासून आहे: रुमाल काळा किंवा जर्सीच्या रंगाचा, जर्सीला न जोडलेला, टाचण्या नसलेला. दागिना मात्र कुठलाच चालत नाही, चिकटपट्टी लावूनसुद्धा नाही. ऐन सामन्याच्या दिवशी ताज्या टोचलेल्या कानांमुळे मुलगी बाहेर बसते, हे इतक्या वेळा होतं की कान सुट्टीतच टोचावेत असं पालकसभेत सांगून टाकावं.

सगळ्यात जास्त लक्ष गुडघ्याकडे द्यायचं. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि बहुतेकदा तो कोणाच्या धक्क्याने तुटत नाही. उडी मारून उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना गुडघा आत कलतो आणि अस्थिबंध तुटतो. यासाठी ‘फिफा ११+’ नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण २० मिनिटांचा. आधी ८ मिनिटं हलकं धावणं, मग १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी २ मिनिटं जोरात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा केला तर उपयोग. वेळ कमी म्हणून मधली १० मिनिटं गाळली जातात, आणि गुडघा वाचवणारा मुख्य भाग तोच. सामन्याच्या दिवशी मात्र पहिला आणि तिसरा भाग पुरे.

मधल्या भागात मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आहे. जोडीदारणीने घोटे धरायचे, दुसरीने गुडघ्यांवर उभं राहून सरळ पाठीने हळूहळू पुढे झुकायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच. पहिल्याच दिवशी पंधरा करायला लावले तर दुसऱ्या दिवशी निम्मा संघ जिना उतरताना कण्हत असतो. बैठका आणि उड्यांमध्ये शिक्षकाने समोर उभं राहावं; गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत जातो, हे बाजूने दिसत नाही.

पैशांतली दरी शाळेच्या हातात नाही. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकाची बक्षिसं ४४ कोटी डॉलर होती, २०२३ च्या महिलांची ११ कोटी. पंच तयार करणं मात्र शाळेला सहज जमेल. १ डिसेंबर २०२२ रोजी पुरुषांच्या विश्वचषकात कोस्टा रिका आणि जर्मनीचा सामना स्टेफनी फ्रापार यांनी चालवला, आणि दोन्ही सहायक पंचही स्त्रियाच होत्या. नववीच्या दोन मुलींना आंतरवर्गीय सामन्यांत झेंडे द्यावेत, मुलांच्या सामन्यांतही. सहायक पंचाने गोलरेषेकडून मोजलेल्या दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं, आणि चेंडू त्याहून पुढे गेला तर चेंडूच्या रेषेत. नवख्या मुली चेंडूकडे बघत बसतात आणि रेषा हुकते. नजर रेषेवर ठेवावी, पास कधी सुटला ते चेंडूच्या आवाजावरून ओळखावं, आणि ऑफसाइडच्या जागेतला, म्हणजे पास सुटताना त्या रेषेपुढे असलेला, खेळाडू खरोखर खेळात पडतो का हे बघून मगच झेंडा वर करावा.