हात मागे पडत नव्हता

"ताई, माझा हात गेलाय."

सकाळी तालमीच्या खोलीत शिरले आणि आमच्या गिटारिस्टने हे एवढंच सांगितलं. चेहऱ्यावर झोप नव्हती. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता.

या ग्रुपचा स्टेजवरचा साउंड मी बघते. हा मुलगा कित्येक वर्षं ट्यूब ॲम्प आणि पेडल्सवर वाजवत आला. महिन्यापूर्वी त्याने सगळा पसारा लॅपटॉपवर आणला: ॲम्प आणि पेडल्स सॉफ्टवेअरमध्ये, पायाशी टोन बदलायच्या बटणांचा मिडी फूट कंट्रोलर, मधे गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा आणि परत बाहेर आणणारा एक नवाकोरा ऑडिओ इंटरफेस आणि स्वतःचं वाजवणं ऐकायला कानात इन-इअर. टोन सुरेख जमला होता. पण तालमीत ड्रमर सारखा त्याच्याकडे वळून बघायचा. त्याने त्याचा अर्थ लावला की आपलीच लय बिघडली. आठवडाभर रोज दोन-दोन तास तो मेट्रोनोम लावून बसला होता. जितका रियाज केला तितकं आणखी बिघडलं, असं सांगताना त्याचा आवाज दाटला.

मी म्हटलं, "इन-इअर काढ. लॅपटॉपचा आवाज बंद कर. मी स्पीकरवर क्लिक लावते, तू नुसत्या तारा वाजव."

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा स्वतःचा आवाज अगदी बारीक असतो, पण शांत खोलीत ऐकू येतो. ड्रमरही स्टिक खाली ठेवून ऐकायला लागला. सोळा मात्रा झाल्या, बत्तीस झाल्या. पिकचा प्रत्येक टोला क्लिकच्या डोक्यावर बसत होता. मग मी त्याला इन-इअर घालायला सांगितले आणि आवाज सुरू केला. चार-पाच ठोक्यांतच हात पुढे धावायला लागला. कानात स्वर उशिरा येत होता, म्हणून हात नकळत आधी पडत होता, आणि तो सावरायचा प्रयत्न केला की मागे राहत होता. हात गेलेला नव्हता. आवाज उशिरा पोहोचत होता.

"किती उशीर?" त्याने विचारलं. "सॉफ्टवेअर तर साडेअकरा मिलिसेकंद दाखवतंय."

सॉफ्टवेअर दाखवतं तो ड्रायव्हरने, म्हणजे लॅपटॉप आणि इंटरफेस यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, त्याला सांगितलेला आकडा असतो. खरा आकडा मोजूनच कळतो. मी इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल काढून त्याच्याच इनपुटमध्ये घातली, लॅपटॉपला वगळून आवाज थेट ऐकवणारं डायरेक्ट मॉनिटर बंद केलं, गेन म्हणजे आवाजाची पातळी खाली आणली, आणि रेकॉर्डिंग करताना सॉफ्टवेअर उशिराची जी आपोआप भरपाई करतं तीही बंद ठेवली. ही भरपाई चालू राहिली तर मोजमाप फसतं, हे खूपजण विसरतात. एक टक् आवाज बाहेर सोडला आणि तो परत आत येऊन ट्रॅकवर कुठे उमटतो ते पाहिलं. सोडलेला टक् आणि परत आलेला टक् यांच्यामध्ये ११०४ सॅम्पल्स. सॅम्पल रेट ४८,००० होता, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने, त्या हिशेबाने २३ मिलिसेकंद. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रेचा एक स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो. प्रत्येक स्वर त्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतका उशिरा येत होता, आणि हा मुलगा स्वतःला दोष देत बसला होता. मला मनापासून वाईट वाटलं.

बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतो तो गठ्ठा, २५६ सॅम्पल्सचा होता. ४८,००० ला भागलं की ५.३ मिलिसेकंद, आत येताना तेवढे आणि बाहेर जाताना तेवढे, मिळून १०.७. वरचे बारा कुठून आले? थोडे इंटरफेसमध्ये आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचे, बाकीचे ड्रायव्हरने गुपचूप राखलेल्या जादा बफरचे. खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ वगैरे सगळं ठळक छापलेलं होतं, त्या जादा बफरबद्दल अक्षरही नव्हतं. शिवाय त्याने कंपनीचा ड्रायव्हर न टाकता सगळ्या उपकरणांवर चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरला होता. विंडोजवर आसिओ ही पद्धत स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणली ती नेमकी हा उशीर टाळण्यासाठी, पण तिचा उपयोग त्या उपकरणासाठी नीट लिहिलेल्या ड्रायव्हरइतकाच होतो. आम्ही कंपनीचा ड्रायव्हर टाकून पाहिला. आकडा थोडा खाली आला, पण बफर १२८ वर नेताच गठ्ठे वेळेत तयार होईनात आणि तडतड सुरू झाली.

इंटरफेस बदलायचा हे ठरलं.

खोलीत आणखी दोन इंटरफेस होते. एक रेकॉर्डिंगसाठी ठेवलेला मोठा, आठ इनपुटचा. दुसरा माझ्या बॅगेतला, दोन इनपुटचा, जुना, कडा झिजलेला. गिटारिस्टचा कल अर्थातच मोठ्याकडे. त्याने गिटारचा जॅक मागच्या एका सॉकेटमध्ये घातला आणि वाजवलं, तर गिटारवर घोंगडी टाकल्यासारखा आवाज. वरचा सगळा उजाळा गेलेला. मागची सॉकेट्स लाइन इनपुट होती, कीबोर्ड किंवा मिक्सरसारख्या उपकरणांसाठीची. गिटारच्या पॅसिव्ह पिकअपला, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या बिनबॅटरीच्या भागाला, समोर साधारण १ मेगाओहम एवढा अडथळा लागतो, आणि लाइन इनपुटचा असतो दहा हजार ओहमच्या आसपास. पिकअपवर तेवढा भार पडला की उंच स्वरांची धार बोथट होते, मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल कितीही वाढवा, गेलेलं परत येत नाही. त्या आठांपैकी पुढची फक्त दोन सॉकेट्स गिटारसाठी होती आणि त्यांचं बटण वेगळं दाबावं लागायचं. जॅक तिकडे घातल्याबरोबर गिटार मोकळी झाली. मोजलं: १२८ च्या बफरला ४५६ सॅम्पल्स, म्हणजे साडेनऊ मिलिसेकंद. वाजवायला चांगलं. पण त्याला स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागायचा, आणि त्या अडॅप्टरची पिन हलक्या धक्क्याने निसटायची. मी ती दोनदा बोटाने हलवली, दोन्ही वेळा इंटरफेस बंद पडला. नाचणाऱ्या गायकाच्या पायाशी अशी पिन मी ठेवणार नाही.

लोक मला विचारतात, फोकसराइटचा स्कारलेट घेऊ, मोटूचा एम२ घेऊ की ऑडियंटचा आयडी४? मी उलट विचारते, लॅपटॉप कोणता आहे? तोच इंटरफेस एका लॅपटॉपवर लोण्यासारखा चालतो आणि दुसऱ्यावर तडतडतो. एम२ च्या पुढच्या पडद्यावरचं मीटर अंधारात पटकन दिसतं, ही मला स्टेजच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट वाटते. इनपुटचा आवाज वाढवणाऱ्या प्रीॲम्पच्या गुणगानात मात्र मला रस नाही. ड्रम, बेस आणि दोन गायकांच्या मधे तो फरक कुणालाही ऐकू येत नाही.

आता माझा जुना इंटरफेस. ६४ च्या बफरला २९८ सॅम्पल्स, ६.२ मिलिसेकंद. त्याने चार सुरावटी वाजवल्या आणि मान वर केली. काही बोलला नाही, नुसता वाजवत राहिला. ड्रमरने न सांगता ठेका धरला. दहा मिनिटं मी त्यांना थांबवलंच नाही.

पण ६४ वर सगळ्यात जड प्रीसेटला, म्हणजे आधी जुळवून ठेवलेल्या टोनला, दोन ॲम्प आणि लांब रिव्हर्ब (घुमारा) एकदम चालू असताना, एकदा तडतड झाली. मी १२८ म्हटलं, तो ६४ वरच अडून बसला. "ताई, हातात जाणवतं ते."

मग मी लॅपटॉप त्याच्याकडून फिरवून घेतला आणि न सांगता बफर बदलत गेले. ६४, १२८, पुन्हा ६४, पुन्हा १२८. त्याला ओळखता आलं नाही. २५६ केल्यावर, म्हणजे एकूण १४ मिलिसेकंदांच्या आसपास, त्याने लगेच हात वर केला. १२८ ला हिशेब ८.९ मिलिसेकंदांचा होता. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटर मागे ठेवलेल्या ॲम्पचा आवाज कानाशी यायला जवळजवळ नऊ मिलिसेकंद लागतातच. तेवढ्या अंतरावर तो वर्षानुवर्षं वाजवत आला आहे. १२८ ठरलं, आणि रिव्हर्ब लॅपटॉपमधून काढून मिक्सरवर घेतला, तेवढाच प्रोसेसरवरचा भार कमी.

दुपारी मिक्सरला जोडलं आणि गुणगुण सुरू झाली. वर बारीक किरकिर, माउस हलवला की तिचा सूर बदलायचा. चार्जर काढला तर एकदम शांत. पण चार्जर काढला की लॅपटॉप बॅटरी वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, आणि दोन गाण्यांनंतर पुन्हा तडतड. एकजण म्हणाला, चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जाईल. जातो, हे खरं आहे. पण गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि त्याचे ओठ माइकला लागतात. त्या दोघांत व्होल्टेजचा फरक आला तर तो त्याच्या अंगातून जाईल. माझ्या स्टेजवर अर्थिंग कुणीही तोडत नाही, आवाज कितीही येवो. इंटरफेसच्या आउटपुटवर, मिक्सरच्या आधी, ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स लावला आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे आवाजाच्या केबलमधली ग्राउंडची जोड सोडवणारं, बटण दाबलं. त्यातून आवाज चुंबकीय क्षेत्रातून पार होतो, तारेने थेट जोड राहत नाही. गुणगुण गेली. चार्जर जागेवर राहिला.

शेवटचे दोन तास मी त्या जोडणीला फक्त त्रास दिला. वायफाय चालू असताना अधूनमधून एक टिचकी यायची. बंद केल्यावर गेली. फूट कंट्रोलर आणि इंटरफेस एकाच हबवर असताना प्रीसेट भराभर बदलले की आवाज क्षणभर तुटायचा. इंटरफेसला थेट लॅपटॉपचं पोर्ट दिलं, हबवर फक्त कंट्रोलर ठेवला. यूएसबी पोर्टची वीज वाचवणारी सेटिंग बंद केली, अपडेट थांबवले. केबलचा एक वेढा स्टँडच्या पायाला वेल्क्रोने बांधला, म्हणजे ओढ बसली तर स्टँडला बसेल, सॉकेटला नाही. इनपुटचा गेन त्याच्या सगळ्यात जोरकस स्ट्रमला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा लावला. जास्त हिरवा दिवा बघायची हौस त्याने पहिल्यांदाच सोडली. आणि गिटारच्या केबलवर एक ए-बी पेडल घातलं: एक वाट लॅपटॉपला, दुसरी एका साध्या ॲम्प-पेडलमधून सरळ मिक्सरला. लॅपटॉप मेला तर एका पायाच्या दाबात गिटार परत यावी. कार्यक्रमात मी कुठलाही इंटरफेस या दुसऱ्या वाटेशिवाय चालवत नाही.

दुसऱ्या दिवशी साउंडचेकला तो लवकर आला. मेट्रोनोम बॅगेतच होता. पहिल्या गाण्यात मी मिक्सरवरून ड्रमर आणि तो, दोघांच्या हातांकडे बघत होते. तिसऱ्या गाण्यात, जिथे तालमीत सगळं सांडायचं त्या भराभर पट्ट्यात, ड्रमरने मान वळवली आणि हसला. गिटारचा टोला स्नेअरवर एकजीव बसला होता. दुसरी वाट शेवटपर्यंत लागली नाही.

आवराआवर करताना तो त्या झिजलेल्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, याच्यासारखाच घ्यायचाय मला. पण आधी माझ्या लॅपटॉपवर मोजून." मी पांढरी टेप फाडली, त्याच्याच लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवली आणि मार्करने लिहिलं: ४८ किलोहर्ट्झ, बफर १२८, थेट पोर्ट, वायफाय बंद, चार्जर चालू, डीआयचं लिफ्ट दाबलेलं. त्याने मार्कर मागून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: हात ठीक आहे.