माझा अनुभव: न घेतलेलं लोन सिबिलमधून काढताना

आधीच सांगून टाकतो, माझ्या नावावर दुसऱ्याच कोणी उचललेलं लोन निघालं सिबिल रिपोर्टमधून (कोणाचं किती कर्ज, किती थकलं याची नोंद). पण त्या लोनवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरची होल्डवरची धून कुठे ऐकू आली तरी अजून डोकं सणकतं, म्हणून लिहून ठेवतोय, कोणाच्या कामी पडलं तर पडलं.

नागपुरात बेसा साइडला फ्लॅट पाहून राहिलो होतो, होम लोनसाठी बँकेत कागद दिले तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, तुमचं एक पर्सनल लोन थकलंय, ते आधी क्लिअर करा. कोणतं लोन? कंपनीचं नावही मी जन्मात ऐकलं नव्हतं. नंतर कळलं की लोनच्या ॲपचं नाव वेगळं असतं आणि त्याच्यामागे पैसे देणारी फायनान्स कंपनी वेगळी, रिपोर्टमध्ये त्या मागच्या कंपनीचं नाव येतं, त्यामुळे गुगल करूनही आधी काही उमगत नाही. रक्कम म्हणाल तर एखाद्या मोबाइलच्या किमतीइतकी, पण नव्वद दिवसांच्या वर थकलेली, आणि तेवढ्यावर माझा इतक्या वर्षांचा स्कोअर पार तळाला.

रिपोर्ट काढणं आणि डिस्प्यूट (चुकीच्या नोंदीवर हरकत) टाकणं सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आरबीआयचा नियम आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. चारही काढा, कारण एकीकडे नसलेलं दुसरीकडे दिसू शकतं. फक्त हे लक्षात घ्या की क्रेडिट ब्युरो, म्हणजे या चारपैकी कोणतीही कंपनी, स्वतःहून काही खोडत नाही. ती लोन देणाऱ्या कंपनीला विचारते, कंपनी म्हणते आमचा डेटा बरोबर आहे, की तुमचा डिस्प्यूट बंद. माझाही तसाच बंद झाला. म्हणजे फिरून सगळं त्या कंपनीवरच येतं.

आणि इथून खरी कटकट सुरू झाली.

कंपनीला फोन केला, की बाबांनो हे लोन माझं नाही. तर म्हणे रजिस्टर्ड मोबाइल नंबरवरून फोन करा. आता रजिस्टर्ड नंबर त्या चोराचा, तो मी कुठून आणू? मग चॅटबॉट. त्याला मराठीत लिहा, हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा, तो पॅन नंबर घेणार आणि 'आपली थकबाकी भरण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा' म्हणणार. पॅन टाकला तर थकबाकी बरोबर माझी दिसते! मग ईमेल केला, की लोन ॲग्रीमेंट, केवायसीचे कागद आणि पैसे कोणत्या बँक खात्यात टाकले ते द्या. उत्तर आलं की ग्राहकांच्या डेटा प्रायव्हसीमुळे ही माहिती तिसऱ्या व्यक्तीला देता येत नाही.

तिसरी व्यक्ती! मी! अहो, पॅन माझा, नाव माझं, वडिलांचं नाव माझ्या बाबांचं, स्कोअर बुडाला तो माझा. हप्ता मागायला मी ग्राहक आणि कागद मागायला मी तिऱ्हाईत, हा कुठला न्याय? पुढे त्यांनी लिहिलं होतं की फसवणूक झाली असेल तर एफआयआरची कॉपी पाठवा, मग विचार करू.

म्हटलं ठीक. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पोच नंबर आला, तो कंपनीला पाठवला. चालत नाही म्हणे, एफआयआरच पाहिजे. (१९३० हा नंबर सगळे सांगतात, पण तो मुख्यतः तुमच्या खात्यातून आत्ता पैसे गेले आणि ते पुढे सरकायच्या आत थांबवायचे असतील तेव्हाचा आहे. माझ्या खात्यातून तर काही गेलंच नव्हतं.) मग पोलिस स्टेशन. तिथले हवालदार माणूस चांगला, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, एफआयआर करू ना, पण त्या कंपनीचं लोन ॲग्रीमेंट तं आणा. पैसे कोणाच्या खात्यात गेले हे आमाले कसं समजन?" त्यांचंही चूक नव्हतं. पण कंपनी म्हणते एफआयआर आणा मग कागद, पोलिस म्हणतात कागद आणा मग एफआयआर. यात मी किती फिरलो ते मोजायचं मी सोडून दिलं. मधल्या काळात कंपनीकडून एक गोड आवाजाची मुलगी फोन करायची, की सर, सेटलमेंट करून टाका, निम्मेच भरा, विषय संपवा.

इथे सगळ्यात महत्त्वाचं सांगतो: भरू नका. बायकोसुद्धा म्हणत होती की देऊन टाका ना, फ्लॅट हातचा जाईल. पण भरलं की लोन तुमचंच होतं हे तुम्ही कबूल केल्यासारखं होतं, आणि वरून रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा लागतो, जो बँकवाल्यांना थकबाकीइतकाच खुपतो. फोनवर त्या मुलीला मी एवढंच म्हटलं की जे बोललात ते ईमेलवर पाठवा. नाही पाठवलं.

अडलेली गाडी सुटली ती एका अर्जामुळे, आणि याचं श्रेय मी स्वतःलाच देणार. एका वकील मित्राशी बोलताना कळलं की बीएनएसएस या नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ९४ खाली (आधीच्या सीआरपीसीचं ९१) पोलिस तपासासाठी कोणाकडूनही कागद मागवू शकतात. म्हणजे कागद मी आणायची गरजच नाही, पोलिस आणू शकतात! मग तोंडी बोलणं बंद. साध्या कागदावर मराठीत पीआय (पोलिस इन्स्पेक्टर) साहेबांच्या नावे अर्ज लिहिला, आयटी ॲक्ट २००० च्या कलम ६६ सी आणि ६६ डी प्रमाणे माझ्या ओळखीचा गैरवापर आणि तोतयेगिरी झाली आहे, कलम ९४ खाली अमुक कंपनीकडून तमुक कागद मागवावेत, सोबत रिपोर्ट, पोर्टलची पोच आणि कंपनीचा तो 'तिसरी व्यक्ती'वाला ईमेल. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का घ्याच, लाजू नका. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, म्हणून अर्ज सरळ पीआयच्या नावे. आणि तरीही नोंद झाली नाही तर बीएनएसएसच्या कलम १७३ प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याला लेखी देता येतं, नंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, पण माझ्यावर ती वेळ आली नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते.

पोलिसांचं पत्र गेलं आणि मला जे महिनोन्महिने मिळत नव्हतं ते त्यांच्या ईमेलवर पीडीएफमध्ये हजर. मला दाखवलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. पत्ता नागपूरचाच पण अशा गल्लीतला जिथे मी कधी राहिलो नाही. आणि 'लाइव्ह सेल्फी' म्हणून जे होतं तो माझा पासपोर्ट साइज फोटो, त्याच्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन स्पष्ट दिसतेय आणि माझी आडवी सही फोटोवरून अर्धी कागदावर गेलेली! म्हणजे कुठल्यातरी फॉर्मवर चिकटवलेल्या फोटोचा कोणीतरी मोबाइलने फोटो काढलाय आणि कंपनीच्या सिस्टिमने तो जिवंत माणूस म्हणून पास केलाय. यांच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की आमचं व्हेरिफिकेशन एआय करतं. हवालदार म्हणाले, "काहून बाप्पा, याले पिनबी नाई दिसली का?"

एफआयआर झाल्यावर मग मी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला, लिहिलं. डिजिटल लोनवाल्यांना या अधिकाऱ्याचं नाव-नंबर वेबसाइटवर आणि ॲपवर द्यावंच लागतं, कस्टमर केअरऐवजी पहिल्या दिवसापासून त्यालाच लिहा. ईमेलमध्ये आरबीआयच्या एका नियमाचा उल्लेख केला: तक्रारीनंतर ३० दिवसांत क्रेडिट माहिती दुरुस्त झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, एप्रिल २०२४ पासून लागू आहे. १०० रुपये म्हणजे काही फार नाही, पण हे वाक्य टाकल्यावर भाषा बदलते हे मी अनुभवलंय. 'डियर कस्टमर'वरून एकदम नावाने उत्तर आलं.

रिपोर्टमधून लोनची नोंद काढल्याचं त्यांचं पत्र आलं तरी समाधान मानू नका, पत्र नीट वाचा. पहिल्या पत्रात त्यांनी 'खाते बंद करण्यात आले आहे' असं लिहिलं होतं. म्हणजे माझं खातं होतं आणि ते मिटलं! परत पाठवलं, 'सदर कर्ज अर्जदाराने घेतलेले नाही, नोंद पूर्णपणे हटवत आहोत' असंच लिहून घेतलं. २०२५ पासून कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला ब्युरोकडे डेटा पाठवावा लागतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये फरक पडायला पूर्वीइतका वेळ लागत नाही.

मध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून संविधान चौकात आरबीआयच्या बिल्डिंगजवळ जाऊन आलो होतो. काही उपयोग नाही. आरबीआयच्या लोकपालाकडची (बँका-फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तक्रार आरबीआयच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन करायची किंवा पोस्टाने चंदीगडला पाठवायची, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहिलेली असली पाहिजे, नाहीतर तिथून परत येते. क्रेडिट ब्युरोविरुद्धही २०२२ पासून लोकपालाकडे जाता येतं.

आता तो नवीन डेटा कायदा. मला पण वाटलं होतं की त्याने काम होईल. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि माझ्यासारख्याला ज्याची गरज, म्हणजे आपला डेटा पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क, त्याच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. दंड २५० कोटींपर्यंत आहे म्हणून पेपरवाले खूश, पण तो जातो सरकारच्या तिजोरीत, ज्याचा डेटा गेला त्याला त्यातला एक रुपया नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजेसनी एकमताने सांगितलं, त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे पण होते. आणि २०१७ च्या त्या हक्काचा माझ्या बाबतीत झालेला एकमेव वापर म्हणजे मलाच माझे कागद नाकारणे.

एक राहिलंच. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, आरबीआयची मनाई आहे. माझ्या बाबांना रात्री फोन यायचे. प्रत्येक कॉलचा वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवला आणि तोच गठ्ठा आता १०० रुपये रोजाच्या मागणीसोबत लोकपालाकडे टाकलाय. ते पैसे अजून आलेले नाहीत.