अजांटिसबरोबर आम्नच्या वाटेने

२००० साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट २’ या संगणकावरील कथाप्रधान खेळामध्ये नायक पुरुष असेल तर प्रेमासाठी एअरी, जाहेरा आणि विकोनिया अशा तिघीजणी असतात, नायिका स्त्री असेल तर तिच्या वाट्याला एकटा अनोमेन येतो, आणि तोही मन मोकळे करण्याआधी स्वतःच्या पराक्रमाच्या कथा यथेच्छ ऐकवून घेतो. ही कसर पुढे खेळाडूंनीच मॉड, म्हणजे मूळ खेळात नवी भर घालणाऱ्या हौशी पुरवण्या, लिहून भरून काढली. त्यांपैकी अजांटिस या पॅलाडिनला, म्हणजे व्रतस्थ धर्मयोद्ध्याला, पुन्हा सोबतीला आणणारे मॉड बसवून मी आम्न देशाची वाट धरली. हा प्रदेश मला पाठ होता; तरी सोबत बदलली की त्याच मुक्कामांना वेगळा अर्थ येतो, हे या खेपेस चांगलेच जाणवले.

अजांटिस हा १९९८ सालच्या पहिल्या भागातला जुना ओळखीचा. वॉटरडीप शहरातील इल्व्हास्टार या उमराव घराण्याचा हा मुलगा तेव्हा ‘रेडियंट हार्ट’ या धर्मयोद्ध्यांच्या संघात उमेदवारी करत होता. त्याचे दैवत हेल्म, म्हणजे पहाऱ्याचा आणि रक्षणाचा देव. लोखंडी पंजावर कोरलेला उघडा डोळा हे त्याचे चिन्ह. दुसऱ्या भागाच्या लेखकांनी या तरुणाचा जो शेवट केला, तो मला आजवर खटकत आला आहे. अथकाटला नगरीतील कॉपर कोरोनेट या दारूगुत्त्यात एक सरदार भेटतो आणि विंडस्पिअर टेकड्यांवरील राक्षसांचा बंदोबस्त करण्याची विनंती करतो. तिथे पोहोचताच समोर राक्षसांची टोळी दिसते, आपण तलवारी उपसतो, आणि सारे संपल्यावर मायेचा पडदा सरकतो: मेलेले सगळे रेडियंट हार्टचे योद्धे असतात आणि अजांटिस त्यांच्यातच पडलेला असतो. तो सरदार म्हणजे माणसाचे रूप घेतलेला फिरक्राग नावाचा लाल ड्रॅगन. कपट म्हणून ही रचना उत्तम आहे, पण ज्याच्याबरोबर आधीचा अख्खा खेळ काढला, त्याचा मृत्यू चार ओळींत उरकला जातो.

मॉडमध्ये तो या मरणातून वाचतो आणि आपल्याबरोबर निघतो. त्यामुळे या प्रेमकथेची सुरुवातच अवघड जागी होते, कारण त्याचे सहकारी जिथे गेले आणि ज्यांच्या हातून गेले, ती माणसे आणि ती जागा दोन्ही त्याच्यासमोर असतात. अनुभवी खेळाडू ड्रॅगनला भिऊन विंडस्पिअर शेवटी ठेवतात. मी मात्र अथकाटलातून बाहेर पडताच तिकडे वळले, टेकड्यांचा मूळ मालक गॅरन विंडस्पिअर याच्या झोपडीत आसरा घेतला आणि ड्रॅगनची गुहा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली. सोबती लवकर मिळाला तर उरलेला प्रवास त्याच्याबरोबर होतो, आणि या खेळात प्रेम जुळते ते प्रवासातच.

त्याचे कारण खेळाच्या यंत्रणेत आहे. मूळ खेळातील प्रेमसंवादांमागे एक घड्याळ चालते आणि ते खेळातल्या दिवसरात्री न मोजता आपण प्रत्यक्ष खेळत असलेला वेळ मोजते. म्हणून एकामागून एक रात्री झोपून काढल्या तरी पुढचा संवाद लवकर येत नाही. मॉड लिहिणाऱ्यांनीही साधारण याच चौकटीत काम केले आहे. शत्रू समोर नसताना, एखाद्या गावातून निवांत चालताना सोबती अचानक थांबतो आणि बोलू लागतो. मुख्य कामाच्या मागे धावणाऱ्यांना हे प्रेम अर्धवटच भेटणार. गेलन बेल नावाचा मध्यस्थ इमोएन या नायिकेच्या बालमैत्रिणीच्या सुटकेसाठी २०,००० सुवर्णमुद्रा मागतो, ही आमच्यासाठी इष्टापत्तीच होती, कारण तेवढी रक्कम जमवायची तर गावोगाव हिंडावेच लागते.

उमर टेकड्यांचा मुक्काम मला सर्वांत आवडला. इम्नेसवेल गावातून माणसे नाहीशी होत असतात आणि माग काढत गेल्यावर अमौनाटर या विस्मृत सूर्यदेवाचे भग्न मंदिर लागते, जिथे सावल्यांनी ठाण मांडलेले असते. ज्या देवाला आता भक्त उरलेला नाही, त्याच्या देवळात हेल्मचा एकनिष्ठ भक्त बरोबर असणे हा योगायोग असला, तरी त्या अंधारात मृतात्म्यांना हुसकावून लावणारा पॅलाडिन शेजारी असला की त्याच्या श्रद्धेची किंमत पटते. श्रद्धाळू सोबत्याशी त्याच्या देवाविषयी मनापासून बोलावे, हे मी इथे ठरवले. खुशामतीचे उत्तर निवडून संवाद पुढे सरकतोही, पण मग ती कथा वाचण्यात काही राम उरत नाही.

अशा माणसाचे मन वळवायचे तर वागणेही सांभाळावे लागते. खेळात आपल्या टोळीची कीर्ती १ ते २० अशी मोजली जाते. ती फार घसरली की सज्जन सोबती निघून जातात आणि शिगेला पोहोचली की दुर्जन. खिसे कापणे मी बंद केले आणि विकोनियाला बरोबर घेतले नाही, कारण केल्डॉर्न हा दुसरा पॅलाडिन टोळीत होता आणि त्याचे आणि दुर्जनांत मोडणाऱ्या विकोनियाचे भांडण जिवावर जाते. सदाचाराचा व्यावहारिक लाभ असा की, कीर्ती वाढली की दुकानदार भाव उतरवतात.

केल्डॉर्नला मी मुद्दाम बरोबर ठेवले होते. अथकाटलाच्या सरकारी पेठेत त्याचे घर आहे. तिथे पत्नी मारिया आणि दोन मुली आहेत, आणि धर्मकार्यासाठी तो वर्षानुवर्षे बाहेर राहिल्यामुळे मारिया दुसऱ्या पुरुषाकडे ओढली गेली आहे. पॅलाडिनवर प्रेम करणाऱ्या बाईचे पुढे काय होते, हे मूळ खेळाने इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवलेले असताना अजांटिसच्या गोड शब्दांकडे मी जरा सावधपणेच पाहू लागले. केल्डॉर्नला घरी परतण्याचा सल्ला दिला, तो काही अंशी स्वतःच्या भविष्यासाठीही होता.

खरी परीक्षा ब्रिनलॉ बेटानंतर आली. तिथल्या स्पेलहोल्ड या जादूगारांच्या कोठडीत आयरेनिकस हा कथेतला खलनायक जादूगार नायिकेचा आत्मा हिरावून घेतो आणि तिच्यातला भाल, म्हणजे तिचा पिता असलेला खुनाचा मृत देव, ‘स्लेयर’ या रूपात बाहेर येऊ लागतो. पहाऱ्याच्या देवाचा भक्त खुनाच्या देवाच्या मुलीपाशी पहारा देत बसला आहे, यापरते या जोडीचे वर्णन करता येणार नाही. स्लेयरचे रूप मी स्वतःहून कधीही घेतले नाही. त्यात बळ अफाट आहे, पण कीर्ती घटते, आणि अजांटिसच्या देखत ते करवतही नाही.

तिथून पाताळातील उस्ट नाथा या ड्राउ लोकांच्या, म्हणजे पाताळातल्या काळ्या एल्फांच्या, नगरीत उतरावे लागते. अडालोन ही चंदेरी ड्रॅगन आपल्या मायेने सगळ्यांना ड्राउचे रूप देते, आणि मग दिवसचे दिवस खोटे बोलत, गुलामांचे हाल पाहत, गप्प राहावे लागते. विंडस्पिअरमध्ये मायेनेच ज्याचे सहकारी मारले गेले, त्या सत्यवचनी माणसाला आता त्याच मायेच्या आड लपावे लागते. मूळ कथा आणि मॉड वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली असूनही हा सांधा इतका नेमका बसतो की त्या नगरीत माझी प्रत्येक निवड मी त्याच्याकडे पाहूनच केली.

वर आल्यावर राखून ठेवलेली गुहा गाठली. फिरक्राग पडला आणि त्याच्या खजिन्यातली कारसोमायर ही फक्त पॅलाडिनलाच पेलणारी तलवार अजांटिसच्या हाती आली. पुढे २००१ सालच्या ‘थ्रोन ऑफ भाल’ या पुरवणी भागामध्ये नायिकेला भालचे रिकामे सिंहासन देऊ केले जाते. ते घ्यावे असे मला याआधीच्या खेळांत अनेकदा वाटले होते आणि घेतलेही होते. या खेपेस मात्र मी क्षणभरही न थांबता नकाराची ओळ निवडली.