काट्याचा सर्व्हर आणि एका आकड्याने सरकलेलं नाव

मी एका सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. सर्व्हर, स्विच, गाड्यांच्या वजनकाट्यावरचे पीसी, प्रिंटर सगळं आम्हा दोघातिघांकडेच. गाळप हंगामात कारखाना २४ तास चालतो त्यामुळे सर्व्हरला हात लावायचा तर मिल साफसफाईला बंद असेल तेव्हाच. तशाच एका डिसेंबरच्या बंदमध्ये मी संध्याकाळी सर्व्हरमध्ये एनव्हीएमई एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क बसवली, बोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटात जाणाऱ्या अॅडॉप्टर कार्डावर, कारण वजनाच्या डेटाबेसला डिस्क पुरत नव्हती. मशीन चालू केलं, लॉगिन झालं, नवी डिस्क दिसली, आयपी ए ही नेटवर्क दाखवणारी लिनक्सची कमांड मारली तर स्क्रीनवर इंटरफेस, म्हणजे नेटवर्कचा पोर्ट, अप आणि आयपी दिसतोय. झालं म्हणून घरी आलो. बूट होताना एक लाल ओळ वर गेली होती ती मी वाचली नाही, ही माझी चूक, आणि पुढची सगळी रात्र त्या ओळीची आहे.

दीड वाजता काट्यावरच्या क्लार्कचा फोन. "साहेब पावती निघंना. सर्व्हर नॉट फाउंड म्हणतंय, तिन्ही काट्यावर. लाईन पार कॅनॉलच्या पुलापर्यंत गेलीय."

ज्यांनी काटा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरलेली गाडी आत येताना वजन, रिकामी होऊन जाताना परत वजन, दोन्हीतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. भरलेल्या वजनाची नोंद सर्व्हरवर असते, ती मिळाली नाही तर रिकामी गाडी बाहेर सोडता येत नाही. म्हणजे भरलेल्या गाड्या बाहेर अडकल्या आणि रिकाम्या आत, आणि अशी कोंडी झाली की थोड्या वेळाने गव्हाणीत टाकायला ऊस नाही. मिल चालू ठेवायची तर ऊस सतत पडत राहिला पाहिजे.

मी गाडीवरून निघालो, थंडी आणि धुकं, वीस मिनिटं लागली. तोवर क्लार्कने इंडिकेटरवरचा आकडा बघून वहीत वजनं लिहायला घेतली होती. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण एका ट्रॅक्टरवाल्याबरोबर शेतकरी स्वतः आलेला, तो म्हणाला, "हातची पावती नको मला. काट्याची द्या." काटा मारतात हा शब्द आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे, त्यावरून आंदोलनं झालीत, तेव्हा त्या माणसाला मी काय सांगणार की नेटवर्क कार्डाचा प्रॉब्लेम आहे. तो कोपऱ्यात शाल पांघरून बसून राहिला.

सर्व्हर रूममध्ये गेलो. स्विचवर लाईट लागलेल्या, केबल घट्ट. आता लाईट लागली म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, कित्येक कार्डांत ऑपरेटिंग सिस्टिमने इंटरफेस उठवला नसला तरी लाईट लागते. आयपी ए मारलं. लो, म्हणजे मशीनचा स्वतःपुरता आतला इंटरफेस, आणि ईएनपी३एस०, ईएनपी४एस० हे दोन पोर्ट. ईएनपी३एस० अप, त्यावर ऑफिसचा आयपी. ईएनपी४एस० डाऊन, त्यावर काहीच नाही. इथे माझं डोकं पाच मिनिटं चालेना. काट्याचं नेटवर्क १९२.१६८.१०, सर्व्हरचा त्यातला आयपी १०.५, तो कुठेच नाही. कुठल्या पोर्टला कुठला आयपी हे जिथे लिहिलेलं असतं ती इंटरफेसेस फाईल उघडली तर त्यात सगळं जसंच्या तसं, ईएनपी२एस० वर १०.५ आणि ईएनपी३एस० वर ऑफिसचा. पण मशीनमध्ये ईएनपी२एस० नावाचं कार्डच नाही! नेटवर्किंग सर्व्हिसचा स्टेटस बघितला तर तिथे तीच लाल ओळ, कॅनॉट फाइंड डिव्हाइस ईएनपी२एस०.

पहिला विचार आला की एक पोर्ट जळाला. मशीन उघडलं होतं, स्टॅटिक लागला असेल, आता मध्यरात्री कार्ड कुठून आणू. मग म्हटलं जळाला तर दोन दिसतात कसे, बोर्डवर पोर्टच दोन आहेत. म्हणजे दोन्ही जिवंत. मग खात्रीसाठी ईएनपी३एस० वर टीसीपीडम्प लावला, म्हणजे पोर्टवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्रॅम, आणि त्या स्क्रीनकडे बघत राहिलो.

एआरपी, रिक्वेस्ट, हू हॅज १९२.१६८.१०.५, टेल १९२.१६८.१०.२१. लगेच खाली १०.२२ कडून तेच. मग १०.२३. परत १०.२१. तिन्ही काटे एकामागून एक ओरडत होते की १०.५ कोणाकडे आहे, मला सांगा, आणि ज्या सॉकेटवर त्यांची हाक येत होती तिथे ऑफिसचा आयपी घालून सर्व्हर गप्प बसलेला, कारण १०.५ त्याच्याकडे नव्हताच. ही ओळ दर सेकंदाला वर सरकत होती आणि बाहेर ट्रॅक्टरचे हॉर्न ऐकू येत होते.

आता उलगडलं. ईएनपी३एस० मधला ३ म्हणजे पीसीआय बसचा, म्हणजे कार्डं बोर्डाला जोडणाऱ्या वाटेचा, नंबर आणि एस० म्हणजे त्यावरचा स्लॉट. हे बस नंबर कार्डावर कोरलेले नसतात, मशीन सुरू होताना ओळीने वाटले जातात. मी एसएसडीचं कार्ड घातलं, ते ओळीत आधी लागलं, त्याने २ नंबर घेतला आणि दोन्ही नेटवर्क पोर्ट एकेक घर पुढे सरकले. काट्याचा पोर्ट झाला ३, ऑफिसचा झाला ४. आणि फाईलमध्ये ३ म्हणजे ऑफिस. सगळीच नावं गायब झाली असती तर मला संध्याकाळीच कळलं असतं, इथे मधलं नाव शाबूत होतं, फक्त दुसऱ्या पोर्टाला चिकटलेलं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या लॉगमध्ये पण मिळालं, आधीच्या बूटला ०२:००.० वर रीनेम्ड फ्रॉम इथ० (कर्नलने आधी दिलेलं नाव), आजच्या बूटला तेच कार्ड ०३:००.० वर. मॅक अॅड्रेस म्हणजे कार्डाचा स्वतःचा कायमचा नंबर, तो जुळवला, दोन्हीकडे तोच.

फाईल नंतर, आधी गाड्या. आयपी अॅड्र अॅड करून १०.५ सरळ ईएनपी३एस० वर टाकला, ऑफिसच्या आयपीच्या जोडीला. एका इंटरफेसवर दोन आयपी चालतात. टीसीपीडम्पमध्ये पुढच्याच ओळीत रिप्लाय गेला, आणि फोनवर क्लार्क म्हणाला, "आलं साहेब, आलं." तोपर्यंत दोन वाजून गेले होते. वहीत २३ गाड्या लिहिल्या होत्या, त्यातल्या ज्या अजून आत होत्या त्या परत काट्यावर घ्यायला सांगितल्या. त्या शाल पांघरलेल्या शेतकऱ्याची गाडी पहिली घेतली.

पण हाताने दिलेला आयपी रीबूटपर्यंतच टिकतो, लाईट गेली आणि यूपीएस बसला की परत तेच. फाईलमध्ये २ चा ३ आणि ३ चा ४ केला असता तरी आत्तापुरतं भागलं असतं, पण उद्या एसएसडीचं कार्ड काढलं की परत सगळं मागे सरकणार. पूर्वी इथ०, इथ१ होतं तेव्हा कोणतं कार्ड कर्नलला आधी सापडेल त्यावर नाव ठरायचं, त्यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये सिस्टिमडीने (लिनक्स सुरू करून सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) ही बस-स्लॉटवाली नावं आणली आणि डेबियन या लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, नव्या इन्स्टॉलला तीच येतात. पद्धत चांगली आहे, मला आवडते, दर बूटला नाव बदलत नाही. फक्त हार्डवेअर तेच असेल तोवर, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. बोर्डवरच्या पोर्टाला बायोस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, नंबर देत असेल तर एनो१ असं नाव मिळतं आणि ते हलत नाही, आमच्या बोर्डाचा बायोस देत नाही.

म्हणून इटीसीच्या सिस्टिमडी नेटवर्क फोल्डरमध्ये दोन डॉट लिंक फाईली केल्या. मॅचमध्ये पोर्टाचा मॅक अॅड्रेस, लिंकमध्ये नाव. एकाचं नाव काटा०, दुसऱ्याचं ऑफिस०. इथ० हे नाव मुद्दाम दिलं नाही, कर्नल स्वतः ती नावं वाटतो त्यामुळे भांडण होतं. इंटरफेसेस फाईलमध्ये तीच दोन नावं टाकली. आणि अपडेट इनिट्रॅमएफएस मारलं, हे विसरू नका, डेबियनवर लिंक फाईल बूट इमेजमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी लोड होणाऱ्या फाईलमध्ये, पण जाते, जुनी इमेज राहिली तर नवं नाव लागेलच असं नाही आणि माणूस उगाच चक्रावतो. हे सगळं मी सर्व्हरच्या समोर बसून, कीबोर्ड लावून केलं. ज्या आयपीवरून एसएसएचने, म्हणजे लांबून नेटवर्कवरून, आत आलोय तोच बदलायचा असेल तर एक चुकीची ओळ आणि तुम्ही बाहेर, मग घरून काही करता येत नाही. उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर नेटप्लॅन ट्राय ही कमांड आहे, १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत येते, त्याचा मला हेवा वाटतो.

रीबूट पहाटे साडेचारला, पाळी बदलून गाड्या जरा कमी झाल्या तेव्हा, क्लार्कला दोन मिनिटं गाडी घेऊ नको सांगून. या वेळी बूटच्या ओळी एकेक वाचल्या. लाल काही नाही. आयपी ए, काटा० अप, १०.५. ऑफिस० अप. मग तिथे न थांबता चालत तिन्ही काट्यांवर गेलो आणि प्रत्येक ठिकाणी एक गाडी चढून तिची पावती प्रिंटरमधून बाहेर येईपर्यंत उभा राहिलो. तिसऱ्या काट्यावर पोचलो तेव्हा उजाडत होतं, बैलगाड्या लागल्या होत्या, क्लार्कने वहीतल्या हातच्या नोंदी आणि परत घेतलेली वजनं शेजारी शेजारी मांडून टिक करायला घेतली होती आणि मला म्हणाला, साहेब चहा घ्या, अजून आठ राहिल्यात.