दातांचं इयर एंडिंग

अमेरिकेत नोव्हेंबर संपत आला की डेंटिस्टकडून मेसेज यायला लागतात, तुमच्या डेंटल इन्शुरन्सचे बेनिफिट्स ३१ डिसेंबरला संपताहेत, लवकर अपॉइंटमेंट घ्या. दुखत काहीच नसतं, पण वर्षभर दर पगारातून पैसे कापून गेलेत आणि आता ते वाया जाणार हे कळलं की आपल्या माणसाला झोप लागत नाही. मग आपण आरशासमोर आ वासून उभे राहतो आणि एखादी तरी दाढ सहकार्य करतेय का बघतो.

आता हा इन्शुरन्स आहे तरी काय? बहुतेक ऑफिसच्या प्लॅनमध्ये हिशोब १००-८०-५० असा असतो. क्लीनिंग, तपासणी, एक्स-रे पूर्ण त्यांच्याकडे, फिलिंगचे ८० टक्के ते देणार आणि क्राऊनचे, म्हणजे आपल्याकडच्या कॅपचे, ५०. सुरुवातीचे साधारण ५० डॉलर डिडक्टिबल आपण भरायचं. इथपर्यंत ठीक आहे, पण वर्षाची लिमिट असते हजार ते दोन हजार डॉलर, त्यापुढे सगळं आपल्या खिशातून. घराच्या इन्शुरन्समध्ये बारीकसारीक आपण सोसतो आणि मोठा फटका बसला की कंपनी येते, इथे बरोब्बर उलटं, साध्या क्लीनिंगला कंपनी हजर आणि खरंच मोठं काही निघालं की लिमिट संपली! १९५४ साली वेस्ट कोस्टच्या गोदी कामगारांच्या युनियनने मुलांच्या दातांची सोय मागितली, त्यातून हे प्रकरण उभं राहिलं. सत्तरच्या दशकात लिमिट हजाराच्या आसपास होती आणि हजारात तेव्हा पुष्कळ काही व्हायचं. आज एका दाढेचं रूट कॅनाल आणि क्राऊन केलं तरी बिल दोन हजाराच्या वर सहज जातं, लिमिट मात्र जागची फारशी हललेली नाही. मला विचाराल तर याला इन्शुरन्स म्हणूच नये, हे मुदत असलेलं डिस्काउंट कूपन आहे.

तरी मी जाते. क्लीनिंगच्या खुर्चीत आडवं पडलं की हायजिनिस्ट हिरडीत ती बारीक सळई घालत मोठ्याने आकडे सांगते, थ्री, टू, थ्री, थ्री, टू, आणि दुसरी बाई कॉम्प्युटरवर टाईप करत जाते. दात आणि हिरडीमधली फट तीन मिलिमीटरपर्यंत खोल असली तर ठीक, चारपासून भुवया वर. तोंडात सक्शनची नळी, बोलता तर येत नाही, नुसतं छताकडे बघत एकेक आकडा ऐकायचा, दहावीचा रिझल्ट मोठ्याने वाचून दाखवत असल्यासारखं. मध्येच एक 'फोर' आला की पुढचे महिनाभर फ्लॉसिंग नेमाने होतं.

गेल्या वर्षी नवऱ्याच्या खालच्या दाढेचं काम निघालं. फ्रंट डेस्कच्या बाईने ट्रीटमेंट प्लॅनचा कागद समोर ठेवला, डी३३३० म्हणजे रूट कॅनाल, डी२७४० म्हणजे क्राऊन, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, रूट कॅनाल डिसेंबरमध्ये उरकू, क्राऊन जानेवारीत. म्हणजे दाढ एकच पण तिचं बिल दोन वर्षांच्या लिमिटमध्ये वाटून जाणार. कायदेशीर आहे, सगळे करतात, फक्त आधी कंपनीला विचारून घ्यावं लागतं, कारण काही जण क्राऊनसाठी दात घासून लहान केला ती तारीख धरतात आणि काही जण क्राऊन बसवला ती. आणि जानेवारीत डिडक्टिबल परत भरायचं ते वेगळंच. नाताळच्या सुट्टीत नवरा एका बाजूने जेवत होता आणि चिक्कीचा डबा उघडला की माझ्याकडे बघत होता.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग इकडे येऊन कर की, आपल्या डॉक्टरांकडे होऊन जाईल." तिचंही बरोबर. इथले किती तरी जण डिसेंबरच्या पुण्याच्या ट्रिपमध्ये लग्न, साड्या आणि रूट कॅनाल एकत्र बसवतात, तिकडे हेल्थ पॉलिसीत नेहमीचं दातांचं काम सहसा धरत नाहीत तरी रोख पैसे देऊन परवडतं. पण मग इथला इन्शुरन्स तसाच पडून राहतो, आणि आपण परत आरशासमोर!

त्यातच एफएसएचे, म्हणजे औषधपाण्यासाठी ऑफिसमार्फत ठेवलेल्या खात्यातले, पैसे. टॅक्स न लागता बाजूला काढलेले, तेही वेळेत वापरा नाहीतर गेले. काही ऑफिसं थोडे पुढे न्यायला देतात (२०२५ साठी ही मर्यादा ६६० डॉलर होती), काही अडीच महिन्यांची मुदत देतात, काही काहीच देत नाहीत. यातून क्राऊनमधला आपला वाटा भरता येतो, पण टूथब्रश आणि टूथपेस्ट चालत नाही. सनस्क्रीन चालतं. त्यामुळे बाहेर गुडघाभर बर्फ आणि आमच्या बाथरूमच्या कपाटात सनस्क्रीनच्या बाटल्यांची रांग.

डिसेंबरच्या अपॉइंटमेंट ऑक्टोबरमध्येच धरून ठेवाव्यात, नाहीतर सकाळी सातची तेवढी उरते. आणि आपल्या प्लॅनमध्ये 'वर्षातून दोनदा' लिहिलंय की 'दर सहा महिन्यांनी' ते नीट वाचा. आमच्यात दुसरं आहे, एक दिवस आधी गेलं तरी क्लेम परत येतो, त्यामुळे क्लीनिंगची तारीख दर वेळी थोडी पुढे सरकते आणि यंदाची २९ डिसेंबरवर येऊन टेकलीय. त्या दिवशी स्नो पडू नये एवढंच.