मृत्युदाखल्यावरचं नाव आधी तपासा: माझा अनुभव

कॅम्पसवरच्या गोळीबारात मूल गेलं की पुण्या-नाशिकहून पहिला प्रश्न येतो, "विद्यापीठावर केस करता येईल का?" अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अशा दाव्यांची कागदपत्रं लावून देण्याचं काम मी करते. अडतं कुठे म्हणाल, तर कायद्याच्या आधी नावापाशी अडतं.

इथे मृत्यूबद्दलचा दावा आई-वडिलांना स्वतःच्या नावाने लावता येत नाही. तो लावतो सर्किट कोर्टाच्या (इथल्या मुख्य स्थानिक न्यायालयाच्या) क्लार्ककडे रीतसर नेमलेला ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे मृताच्या वतीने काम पाहणारा माणूस. नेमणुकीआधी घाईने लावलेला दावा लावलाच नव्हता असं धरतात, आणि २ वर्षांची मुदत तेवढी संपत जाते. परदेशी राहणाऱ्याला ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं तर समन्स घ्यायला व्हर्जिनियातलं कुणीतरी नेमावं लागतं, शिवाय बाँड, म्हणजे जामीनकीची हमी. म्हणून बहुतेक घरं इथल्याच एखाद्या नातेवाइकाला किंवा वकिलाला पुढे करतात. भरपाईचा पैसा त्याचा होत नाही. मूल अविवाहित असेल तर तो आई-वडील आणि भावंडांचा.

आता नाव. मृत्युदाखल्याचा मजकूर फ्युनरल होमवाले (अंत्यविधीची व्यवस्था करणारे) भरतात आणि त्यांना तो सांगतो रूममेट. तो पोरगा दोन रात्री झोपलेला नसतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये. ते तो कधी गाळतो, कधी आडनाव म्हणून सांगतो. फॉर्ममध्ये आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं, तिथे सासरचं पडतं. मग क्लार्क नात्याचा पुरावा मागतो. आपण जन्मदाखला काढायला जातो, तर त्यावर बाळाचं नावच नाही, कारण नोंद दवाखान्यातून झाली आणि नाव घालायला नंतर कुणी गेलंच नाही. ते घालून घ्यायचं, मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करायचं, राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावा लागतो. एका वॉर्ड ऑफिसने "मुलगी स्वतः का येत नाही" असं विचारलं होतं. त्यावर आईने काय उत्तर द्यायचं?

यातलं बरंचसं टळतं. फ्युनरल होमला दाखला नोंदवण्याआधी मजकूर ईमेलवर मागायचा आणि पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडायचा. नोंद झाल्यावर दुरुस्तीला प्रतिज्ञापत्रं लागतात. आणि हो, पार्थिव भारतात न्यायचं असेल तर वकिलात पासपोर्ट रद्द करते. तो हातचा जाण्याआधी शेवटच्या पानाची रंगीत प्रत काढा; आई-वडिलांची नावं तिथेच असतात. मृत्युदाखल्याच्या प्रमाणित प्रती १० तरी घ्या.

सरकारी विद्यापीठ असेल तर १ वर्षाच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते: काय घडलं, कुठे, केव्हा, कोणती संस्था जबाबदार. ती अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) किंवा राज्याच्या जोखीम व्यवस्थापन विभागाकडे जाते. विद्यापीठाच्या अध्यक्षांना लिहिलेलं हृदयद्रावक पत्र म्हणजे नोटीस नव्हे. ॲडमिनिस्ट्रेटरसाठी धावपळ करताना हे वर्ष निसटतं. खासगी विद्यापीठाला हा नियम नाही, पण तिथे धर्मादाय संस्थेला दाव्यांपासून मिळणारं कायदेशीर संरक्षण आडवं येऊ शकतं.

खटल्यात राज्याकडून मिळण्याची मर्यादा साधारण १ लाख डॉलर. व्हर्जिनिया टेकमध्ये १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांचा बळी गेला, त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनी होती. बहुतेक कुटुंबांनी २००८ मध्ये तडजोड घेतली. दोन कुटुंबांनी खटला चालवला. २०१२ मध्ये ज्युरीने प्रत्येकी ४० लाख डॉलर दिले, न्यायाधीशांनी ते १ लाखावर आणले आणि ३१ ऑक्टोबर २०१३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले: धोक्याची सूचना देण्याचं कायदेशीर कर्तव्यच नव्हतं म्हणून. तडजोडीला मात्र ही मर्यादा बांधत नाही. २०२२ च्या गोळीबाराबद्दल व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२४ मध्ये ९० लाख डॉलर मान्य केले, मृतांच्या तिन्ही कुटुंबांना प्रत्येकी २० लाख. म्हणून तडजोडीचा प्रस्ताव आला की "आम्हाला न्याय हवा, पैसा नको" म्हणत तो फेकू नका. आधी वकिलाला वाचू द्या.

क्लेरी कायद्याखाली (कॅम्पस-सुरक्षेचा केंद्रीय कायदा) विद्यापीठाने वेळेवर इशारा दिला नाही अशी तक्रार अमेरिकेच्या शिक्षण खात्याकडे करता येते, पण त्याच्या आधारे भरपाई मागता येत नाही. दंड सरकारजमा होतो. व्हर्जिनियाचा माहिती अधिकार फक्त राज्याच्या नागरिकांना आणि तिथल्या माध्यमांना आहे, तेव्हा कोथरूडहून पाठवलेला अर्ज परत येतो. तो इथल्या माणसाकडून करवा.

सरकारी विद्यापीठाबद्दलची ती नोटीस टपालाने जाणार असेल तर अमेरिकेतूनच, सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. ती पोचली हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असतं. पोचपावतीचं सही केलेलं हिरवं कार्ड परत आलं की त्याच दिवशी स्कॅन करा, मूळ कार्ड वकिलाकडे द्या.