दारातला समुद्र सोडून अंटार्क्टिकाचे सील का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाळा-कॉलेजातल्या व्याख्यानांनंतर, लग्नाकार्यात, एकदा तर लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनीही मला हेच विचारलं होतं: "मुंबईत राहता, दारात एवढा समुद्र आहे, मग अंटार्क्टिकातल्या सीलचा अभ्यास कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुक असतं, तशी थोडी तक्रारही असते. ती तक्रार मला रास्त वाटते.

माझं उत्तर असं आहे. मला समुद्रातला सस्तन प्राणी जिवंत बघायचा होता, आणि तोच प्राणी पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. मुंबईत देवमासा भेटतो तो बहुतेक मेल्यावर.

जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर ब्रायडीज देवमासा आला, तो मेलेलाच. अशा शरीराकडून खूप काही शिकता येतं. लांबी, नर की मादी, चरबीची जाडी कळते. फार सडलेलं नसेल तर पोटात काय आहे ते बघता येतं. कानातल्या मेणाच्या गोळ्याचे थर मोजले तर वयाचा अंदाज येतो. पण उन्हात शरीर फुगायला लागतं, बघ्यांची गर्दी वाढते, जेसीबी येतो, खड्डा होतो. ही मादी गेल्या पावसाळ्यात कुठे होती, तिला पिल्लं किती झाली, त्यातली किती जगली, हे त्या वाळूवर कोणीच सांगू शकत नाही.

वेडेल सीलबाबत ते सांगता येतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला धरून जो समुद्र गोठतो, त्यावर ही जनावरं आडवी पडलेली असतात. मोठी मादी तीन मीटर लांब, चारशे-पाचशे किलो वजनाची. तिकडे अस्वलं नाहीत, बर्फावर शिकार करणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे माणूस जवळ गेला तरी ती पळत नाही. रॉस समुद्राजवळच्या इरेबस उपसागरात १९६८ पासून जन्मलेल्या पिल्लांच्या मागच्या वल्ह्यांना क्रमांकाचे बिल्ले लावले जातात. म्हणजे आज बर्फावर पिल्लू घेऊन पडलेल्या मादीची आई कोण, ती कोणत्या वर्षी जन्मली, पहिलं पिल्लू तिला कितव्या वर्षी झालं, हे वहीत बघून सांगता येतं. एका माणसाच्या नोकरीत न मावणारा हा अभ्यास एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवत इथवर आणला आहे. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी असताना मी त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं आणि माझा विषय तिथेच ठरला. घरून विरोध झाला नाही, कारण १९८३ साली निघालेल्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत गेल्या होत्या हे आईच्या लक्षात होतं. नागपूरला जन्मलेली, पुण्यात शिकलेली बाई तिथे काम करून येते तर आपली का नाही, एवढाच तिचा हिशोब होता.

या सीलचं बुडी मारणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्वयंपाकघरातल्या टायमरचं यंत्र वापरून खोली नोंदवणारं उपकरण बनवलं. बर्फात इतर भोकांपासून दूर एक भोक पाडायचं आणि सीलला तिथून पाण्यात सोडायचं. श्वास घ्यायला तिला त्याच भोकाशी परतावं लागतं, त्यामुळे उपकरण हाती येतं. त्यावरून कळलं की ही जनावरं सहाशे मीटरपर्यंत खाली जातात. आता तासाहून जास्त वेळच्या बुड्याही नोंदल्या गेल्या आहेत. बुडी मारण्याआधी सील श्वास बाहेर सोडते. तिचा ऑक्सिजन फुप्फुसांत नसतो, तो रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे प्रथिन इतकं असतं की मांस पिकलेल्या जांभळासारखं काळपट दिसतं. खाली जाताना हृदयाचे ठोके मंदावतात, प्लीहेत राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात, खोल पाण्याच्या दाबाने फुप्फुसं मिटतात आणि त्यामुळेच नायट्रोजन रक्तात भिनत नाही.

एवढं सगळं असूनही श्वास घ्यायला भोक लागतंच, आणि ते हिवाळाभर उघडं ठेवावं लागतं. त्यासाठी सील दातांनी बर्फ खरवडते. वय वाढतं तसे दात झिजतात, आणि दात गेले की हिवाळा काढणं कठीण होतं. शरीराची इतकी अफाट तयारी शेवटी दातांवर येऊन अडते, हे मला आजही सुचू देत नाही.

माझं स्वतःचं काम मिशांवर आहे. मिशी वाढत असताना त्या त्या काळातल्या खाण्याची खूण तिच्यात उतरते. मुळापासून टोकापर्यंत तिचे बारीक तुकडे करून नायट्रोजन आणि कार्बनची समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, मोजली, की सीलने बारीक मासे जास्त खाल्ले की मोठे, याचा माग लागतो. लार्सेमन टेकड्यांवरच्या आपल्या भारती केंद्राच्या आसपासही वेडेल सील दिसतात. प्राण्याला हात लावायचा तर परवानगी हवी, आणि २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानंतर ही चौकट आपल्याकडेही पक्की झाली. मला ते योग्यच वाटतं. पिल्लाला दूध पाजणाऱ्या मादीला त्या काही आठवड्यांत शांतपणा मिळाला पाहिजे. तिच्या दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असू शकतो, आणि तो ती स्वतःची चरबी झिजवून देत असते.

"आपल्याला काय उपयोग?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. सीलच्या केसांवर चिकटवलेली उपकरणं पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजून उपग्रहाकडे पाठवतात, आणि वर्षातून एकदा सील केस टाकते तेव्हा गळून पडतात. हिवाळ्यात जिथे जहाज शिरू शकत नाही तिथल्या नोंदी अशा मिळतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या केप डार्नलीजवळ अतिथंड, जड पाणी तयार होऊन तळाला जातं, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं, त्यात हत्ती-सीलनी आणलेल्या नोंदींचा मोठा वाटा होता. असं पाणी तळाने उत्तरेकडे सरकत हिंदी महासागरात येतं. पण खरं सांगू का, उपयोग नसता तरी मी हेच केलं असतं.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांचा एक गट बारमाही राहतो. बाकीचे हंपबॅक खाण्यासाठी ध्रुवांकडे जातात, हे जात नाहीत. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या समुद्रात त्यांच्यातले २४२ मारले, आणि ती गोष्ट १९९० च्या दशकापर्यंत दडून राहिली. आज ओमानकडे शंभराहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. २०१७ मध्ये तिथे उपग्रह-टॅग लावलेली एक मादी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. आपल्या किनाऱ्यासमोरून एवढं जनावर जातं आणि ते आपल्याला टॅगवरून कळतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून हल्ली माझे काही विद्यार्थी मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या हंपबॅक डॉल्फिनच्या पाठीवरच्या परांचे फोटो जुळवत बसलेले असतात. परावरच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो, बिल्ला लावायची गरज पडत नाही. वर्सोव्याचे नाखवा होडीवरून फोटो पाठवतात. तुम्हाला असा फोटो मिळाला तर तो शक्यतो बाजूने घ्या, तारीख आणि जागा लिहा. आणि किनाऱ्यावर मेलेला देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर पुरण्याआधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा. निदान त्याची लांबी, तो नर की मादी आणि दोन्ही बाजूंचे फोटो तेवढे नोंदले जातील.